झुलेमामांच्या खुंट्या

बाईच्या हातात भरलेली थैली दिसली, की झुलेमामांचा हात आपोआप त्या थैलीकडे जाई. ओळख असो वा नसो. सौंसरच्या बसस्टँडवर छिंदवाड्याच्या गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या एका अनोळखी मास्तरीणबाईंची थैली त्यांनी एकदा अशीच काढून घेतली. बाई ओरडल्या. माणसं धावली. एका कंडक्टरने मामांची कॉलर धरली. मी समोरच्या पानठेल्यावर उभा होतो. मी मध्ये पडलो असतो तर दोन मिनिटांत मिटलं असतं. पण इतका रंगात आलेला प्रवेश मध्येच पडदा टाकून बंद करणं माझ्या स्वभावात नाही. मी पान निवांत चघळलं आणि मग गेलो. मामा कॉलर धरलेल्या अवस्थेतच बाईंना समजावत होते, "चोरून नाही राहिलो बाई. तुम्ही त्या बाकड्यावर बसा. गाडी येईपर्यंत मी धरतो." आणि सुटका झाल्यावर त्यांनी खरोखरच पाऊण तास ती थैली धरून ठेवली. बाई बाकड्यावर बसल्या होत्या, पण नजर थैलीवरून हलली नाही.

या माणसाने आमच्या भागात पहिली बारमाही जत्रा उभी केली. सौंसरच्या बाहेर, पांढुर्ण्याच्या रस्त्याला, स्वतःच्या संत्र्याच्या बागेत. झाडं फारशी तोडली नाहीत. मधूनमधून जागा करून एक आकाशपाळणा, एक घोड्यांचं चक्र, दोन घसरगुंड्या आणि एक डुगडुगणारी आगगाडी बसवली. लोक त्याला मामाची जत्रा म्हणत. मामा मूळचे कापसाच्या जिनिंगमधले फिटर. जत्राजत्रांतून फिरणाऱ्या एका पाळणेवाल्याने धंदा बंद करून आकाशपाळणा विकायला काढला, तो मामांनी सुट्या लोखंडाच्या रूपात आणला आणि वर्षभर ठोकत बसले. आम्ही इकडे पाळण्याला झुलाच म्हणतो. तेव्हापासून ते सगळ्या तालुक्याचे झुलेमामा झाले.

माझा तेव्हा भोंग्यांचा धंदा होता. लग्न, गणपती, निवडणूक, काहीही असो, पांढुर्ण्यापासून लोधीखेड्यापर्यंत माझा आवाज पोहोचायचा. मंडळाच्या नाटकात राजाचं काम मलाच मिळायचं, कारण माझ्याकडे आवाज होता आणि माईकही माझाच होता. मामांनी मला रविवारी घोषणा करायला बोलावलं आणि पहिल्याच दिवशी माझं बारसं केलं. मी त्यांच्यासाठी कायमचा भोंग्या झालो.

"मामा, हे सगळं काहून सुचलं तुम्हाले?" मी एकदा विचारलं.

मामा पाळण्याच्या सांध्याला ग्रीस लावत होते. हात न थांबवता म्हणाले, "माझ्या मायमुळं."

मामा सावरगावचे. त्यांची माय पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला, म्हणजे दोन गावांच्या दगडफेकीच्या जत्रेला, नदीकाठी जायची, ती घरातल्या गड्यांचे सदरे, चपला आणि घड्याळं पदरात धरून उभी राहायला. "आमच्या गावच्या जत्रेत माणूस डोकं फोडून घरी येते," मामा हसून म्हणायचे, "म्हणून मी लोकाईले नुसतं फिरवून पाठवतो." तर एका वर्षी ही माय जामसांवलीच्या मारुतीला पोरांना घेऊन गेली. मंदिराबाहेर आकाशपाळणा आला होता. मामा आठ वर्षांचे. माय खाली थैल्या धरून उभी राहिली आणि पोरं वर गेली. परतताना बैलगाडीत तिने हळूच विचारलं, "वरून कसं दिसते रे?" मामांनी भीतीने पूर्ण वेळ डोळे मिटून घेतले होते. पण भावांसमोर ते कसं सांगायचं? ते म्हणाले, "मस्त दिसते." माय म्हणाली, "असंन." आणि पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

"तिनं अजून एक डाव विचारलं असतं नं भोंग्या, तर मी खरं सांगून टाकलं असतं," मामा म्हणाले. "नाही विचारलं तिनं. मंग म्हटलं, अशी जत्रा काढू का जिथं कोणतीच बाई थैली धरून खाली उभी नाही राहीन. जे पाह्याचं ते सोताच्या डोळ्यानं पाहीन." माय मात्र मामांनी लोखंड विकत घेण्याच्या आधीच गेली होती.

त्यामुळे मामांच्या जत्रेचा एकच नियम होता. तो त्यांनी फाटकावर स्वतःच्या हाताने लाल रंगात लिहिला होता: इथे कोणी उभे राहायचे नाही. लोकांना तो भारी चमत्कारिक वाटे. एखादा शेतकरी फाटकातूनच विचारायचा, "मंग लोळाचं का, मामा?" मामा त्याच्या म्हाताऱ्या आईला हाताला धरून पाळण्यापर्यंत नेत. म्हातारी देवाचं नाव घेत, मामांना शिव्या देत वर जाई आणि उतरल्यावर म्हणे, "अजून एक चक्कर मारू दे नं बापा."

लुगड्यातल्या बायकांना पाळण्यात चढताना अडचण होऊ नये, म्हणून मामांनी पाळण्याची पायरी तीनदा बदलली. उंची बरोबर झाली की नाही, हे कळायचं कसं? तर मामांनी घरून मामीचं जुनं नऊवारी आणलं आणि भर दुपारी, मिस्त्री आणि मजुरांसमोर, ते स्वतः नेसले. मिशी तशीच. पदर डोक्यावर. मी माईक सुरू केला. "लक्ष द्या, लक्ष द्या, सावरगावच्या सौभाग्यवती झुलाबाई पहिल्यांदाच आपल्या भेटीला येत आहेत." रस्त्यावरून जाणारी कापसाची गाडी थांबली. मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दहा वेळा चढले, दहा वेळा उतरले, पाय अडकला तिथे खडूने खूण केली. मामी बाजूला उभी होती. मामांचा पॅंट-शर्ट, पट्टा, घड्याळ आणि चपला, सगळं तिच्या हातात होतं. आम्ही हसून हसून लोळत होतो, त्यात तीही हसत होती. त्या दृश्यात काय चुकलं होतं, हे तिथल्या एकाही शहाण्याला दिसलं नाही. मलाही नाही.

थैल्यांचा प्रश्न मामांनी खुंट्यांनी सोडवला. फाटकाला लागून टिनाचं शेड, त्यात सागाच्या फळीवर चाळीस खुंट्या, प्रत्येकीखाली रंगवलेला आकडा. थैली खुंटीला लागली की त्याच आकड्याचा टिनाचा बिल्ला दोरीने मनगटात बांधायचा. मोकळ्या हाताने आत जायचं. हे खातं मामीकडे होतं. मामी शेडमध्ये स्टुलावर बसे. उचलल्याबरोबर तिला थैलीतलं कळे. "हिच्यात भाकरी हाये आन् मिरच्याचा ठेसा. सांडून राहिला वो बाई, सरळ धर." नाहीतर, "लेकराचं दूध हाये हिच्यात, हे सावलीतल्या खुंटीवर जाईन." एखादी बाई बिल्ला हरवून रडकुंडीला आली, तर मामी चेहरा पाहून थैली काढून देई. वीस-बावीस वर्षांत एकही थैली बदलली गेली नाही. मामा आल्या-गेल्याला अभिमानाने सांगत, "माझ्या जत्रेत एक बाई उभी नाही दिसणार तुम्हाले." हे खरंच होतं. मामी बसलेली असे.

मी भोंग्यावर मोकाट सुटायचो. "लोधीखेड्याच्या आजी, डोळे उघडा, वरून नागपूर दिसते!" मामा खालून ओरडायचे, "खोटं नको बोलू बे भोंग्या! नागपूर नाही दिसत. जामसांवलीकडची झाडं दिसतात फक्त." मी म्हणायचो, "तुम्हाला काय माहीत, मामा?" त्यावर मामा एकदम इंजिनकडे वळायचे. ते का वळायचे, हे मला फार उशिरा कळलं.

मग दिवस बदलले. नागपूरच्या बाजूला पाण्याच्या मोठाल्या घसरगुंड्या निघाल्या. तरण्या पोरांना मामांचा झुला म्हणजे म्हाताऱ्यांचं खेळणं वाटू लागला. तपासणीला आलेल्या साहेबांनी जुन्या लोखंडावर बोट ठेवलं, आणि ते बोट चुकीचंही नव्हतं. मामांचे गुडघे गेले. पुण्याला नोकरी करणारा मुलगा म्हणाला, बाबा, आता पुरे. बाहेरची एक कंपनी जत्रा विकत घ्यायला पुढे आली. त्यांचा एक गोड बोलणारा तरुण मामांच्या ओसरीवर बसून, मामीच्या हातचा चहा पिऊन म्हणाला, "अंकल, आपका सपना वही रहेगा. बस, बड़ा हो जाएगा." मामांनी त्याला मायची गोष्ट सांगितली. त्याने ती फोनमध्ये रेकॉर्ड केली. मामांना वाटलं, आता ती गोष्ट सुरक्षित हातात गेली.

ताबा द्यायच्या दिवशी मी शेवटची घोषणा करायला गेलो होतो. दोन-चार गावची जुनी मंडळी जमली होती. कोणीतरी गमतीत मामीला विचारलं, "मामी, इतके वर्ष झाले, तुम्हाले कोणता झुला आवडला?"

मामी खुंटीवरची धूळ पदराने पुसत होती. "मी कुठं बसली बाप्पा? थैल्या कोण पाहीन मंग?"

तक्रार नव्हती तिच्या आवाजात. भाजीत मीठ किती घालते ते सांगावं, इतक्या सहज बोलली. पण मामांचा चेहरा मी पाहिला. नाटकात मी राजा होऊन पुष्कळदा मेलो आहे, छातीत बाण लागल्याचा अभिनय केला आहे. तो चेहरा कसा असतो, ते मला त्या दिवशी कळलं. मामांनी मामीचं मनगट धरलं आणि गुडघ्यांची पर्वा न करता तिला ओढत झुल्याकडे निघाले. "चाल. चाल म्हणतो नं. आत्ताच्या आत्ता." मामी म्हणत होती, "अहो, लोक पाहून राहिले." आम्ही झाडं ओलांडून मोकळ्या जागेत आलो. कंपनीची माणसं सकाळीच कामाला लागली होती. आठपैकी पाच पाळणे उतरवून गवतात आडवे ठेवले होते. इंजिनचा पट्टा काढलेला होता.

मामा बराच वेळ तिथे उभे राहिले. स्वतःचा नियम मोडून. मामीने त्यांच्या हातातून मनगट सोडवलं आणि म्हणाली, "होईन पुन्हा कधी. तो पोरगा म्हणे नं, मोठा झुला बसवून राहिले."

दोन वर्षांनी नवी जत्रा उघडली. संत्र्याची झाडं गेली, फाटकाशी सिमेंटचा राक्षस आला, फोटो काढायला प्लॅस्टिकची भलीमोठी फुलपाखरं आली. झुला मात्र खरंच मोठा होता, काचेच्या बंद डब्यांचा. मामांना घरपोच सोनेरी पास आला होता, जन्मभर मोफत. मामा, मामी आणि मी असे तिघे गेलो. मामीने ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. प्रवेशद्वाराच्या भिंतीवर मामांचा पुरुषभर उंच फोटो, आणि खाली हिंदीत लिहिलेलं: हमारे संस्थापक का सपना, हर उम्र के लिए ख़ुशी. मामा फोटोसमोर थांबले. "मले जितेपणीच भितीवर टांगलं लेकाईनं," ते म्हणाले, आणि हसले. मामी म्हणाली, "फोटोत बरे दिसता." त्या दिवशीचं आमचं हसणं एवढंच.

झुल्याच्या रांगेच्या तोंडाशी पाटी होती. साठ वर्षांवरच्यांनी बसायचं नाही. वर्दीतल्या पहारेकऱ्याने हात आडवा केला. "दादाजी, नियम है." मामांनी सोनेरी पास दाखवला. तो म्हणाला, पास आत येण्याचा आहे, बसण्याचा नाही. मग मी माझा जुना आवाज काढला. "अरे बाबा, मागे वळून बघ! त्या भिंतीवर कोण आहे? हे सगळं ज्याने उभं केलं, तो तुझ्यासमोर उभा आहे!" पहारेकऱ्याने मान वळवली, फोटो पाहिला, मामांना पाहिलं. मला वाटलं, आता हा पाया पडतो. तो म्हणाला, "फोटो तो ठीक है, भाईसाहब. पर उमर भी तो फोटो में दिख रही है."

"मले नको बसवू," मामा त्याला म्हणाले. "हिले बसव. फक्त हिले. एक चक्कर." मामांनी आयुष्यात कोणाची विनवणी केलेली मी पाहिली नव्हती. मामीने त्यांची बाही ओढली. "अहो, त्या पोराची नोकरी जाईन. चला."

आम्ही झुल्याखालच्या बाकावर बसलो. थैल्या ठेवायला आता पैसे टाकून उघडणारी कपाटं होती, त्यामुळे ती बहुतेक रिकामी होती, आणि कठड्याला टेकून बायका थैल्या धरून उभ्या होत्या. मोहगावकडची एक बाई मामीला ओळखून धावत आली. "मामी! तुम्ही हाये का इथं? बरं झालं बाई. जरा पाह्यता का हे? लेकरू एकटं बसाले भेते." आणि मामीच्या मांडीवर थैली आली. तिला पाहून दुसरी आली. मग तिसरी. बघता बघता नऊ थैल्या झाल्या. मामीच्या हातांत मावेनात, तेव्हा तिने चार उचलून मामांच्या मांडीवर ठेवल्या. मामांनी त्या दोन्ही हातांनी कवटाळल्या. डोक्यावर काचेचे डबे फिरत होते, गाणी वाजत होती. अर्ध्या तासाने मामांनी थैल्या या मांडीवरून त्या मांडीवर घेतल्या आणि म्हणाले, "जड असतात वो."

मामी म्हणाली, "हाव. पह्यल्यांदा नाही समजत. मागून समजते."

त्याच उन्हाळ्यात मामी गेली. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

मामांनी जुन्या शेडमधली सागाची फळी आधीच घरी आणून ठेवली होती. ती त्यांनी खाटेसमोरच्या भिंतीवर ठोकली. एकोणचाळीस खुंट्या रिकाम्या, आणि पहिल्या खुंटीवर मामीची भाजीची थैली. मी दर आठवड्याला जायचो. त्यांना हसवायला बसस्टँडवरचा तो प्रवेश करून दाखवायचो, कंडक्टर मी, मास्तरीणबाई मी, मामाही मीच. ते बघायचे, पण हसायचे नाहीत. एकदा मध्येच थांबवून म्हणाले, "भोंग्या, तुले एक विचारू? वरून कसं दिसते?"

"म्हणजे? मामा, तुमचाच झुला..."

"मी लहानपणी डोळे मिटले होते. मोठेपणी मी चढलोच नाही. भेव वाटे. पाळण्यात रेतीची पोती टाकून पाहिली, पण मी नाही बसलो. तू सांग नं. तू तर रोज भोंग्यावर सांगे."

पण मी तरी कुठे बसलो होतो? मी माईकपाशी होतो. बावीस वर्षं हजारो लोकांना वर पाठवणाऱ्या आम्हा तिघांपैकी एकानेही वरून काही पाहिलेलं नव्हतं. त्यांना ते सांगायचा धीर मला झाला नाही. तोंडात आलं ते बोललो. "मस्त दिसते, मामा."

मामा खुंटीवरच्या थैलीकडे बघत म्हणाले, "असंन." पुढच्या पोळ्याला ते नव्हते.

या हिवाळ्यात मुलगी आणि जावई आले, म्हणून आम्ही सगळे नव्या जत्रेला गेलो. मामांचा फोटो अजून आहे. उन्हाने चेहरा उडालाय, मिशी तेवढी शिल्लक आहे. मी ठरवूनच गेलो होतो की एकदा वर जायचं आणि मामांच्या वतीने डोळे उघडे ठेवायचे. साठीला अजून सहा वर्षं आहेत, पहारेकऱ्याने अडवलं नाही. डबा वर चढला. नागपूर दिसत नाही. जामसांवलीकडची झाडंही दिसत नाहीत, मध्ये नव्या प्लॉटांच्या आखलेल्या रेघा आहेत. मग मी खाली पाहिलं. कठड्याला लागून बायकांची एक लांब रांग होती. प्रत्येकीच्या दोन्ही हातांत थैल्या, कोणाच्या काखेत दुसऱ्याची चप्पल, कोणाच्या खांद्यावर नवऱ्याचं जाकीट. माझी बायको त्यातच कुठेतरी होती. मी काचेला नाक लावून तिला शोधलं. झुला दोनदा वर गेला, दोनदा खाली आला. उंचावरून त्या सगळ्या सारख्याच दिसत होत्या. त्यांत ती कोणती, हे मला ओळखता आलं नाही.

उतरलो. ती रांगेतून पुढे आली. पदर सावरत, थोडी लाजत तिने विचारलं, "वरून कसं दिसते हो?"

इतकी वर्षं मामांच्या पायाशी बसलो, त्यांची गोष्ट लग्नाच्या मांडवात रंगवून रंगवून सांगितली, लोकांना रडवलं. खरं सांगायला दोन वाक्यं लागली असती. तिचा हात धरून रांगेत उभं राहायला दहा मिनिटं.

"मस्त दिसते," मी म्हणालो.

"असंन," ती म्हणाली. "चला, गाडी निघून जाईन."

बसमध्ये जागा मिळाली नाही. मी दाराशी उभा राहून जावयाला मामांचा लुगड्याचा किस्सा ऐकवत होतो, आजूबाजूचे लोकही कान देऊन हसत होते. पांढुर्ण्याला उतरलो, तेव्हा माझ्या लक्षात आलं. सौंसरपासून ती उभीच होती, आणि सगळ्यांच्या थैल्या तिच्याच हातात होत्या.